अंजनाबाईंच्या हातचं

रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी आहे. अंजनाबाई मेश्राम तिथं भाड्यानं राहायला आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर असलेले त्यांचे यजमान लहानू नुकतेच गेले होते आणि क्वार्टर सोडायची वेळ आली होती. सोबत दहा वर्षांचा मुलगा यशदीप, एक लोखंडी पेटी आणि भांड्यांची दोन पोती. माझे वडील सिंचन खात्यात होते. ते कोणाला फार प्रश्न विचारत नसत. आईनं मात्र विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"तुमसरकडच्या," अंजनाबाई म्हणाल्या आणि आईच्या प्रश्नात जे खरं विचारायचं होतं त्याचंही उत्तर त्यांनी लगेच देऊन टाकलं. "बौद्ध आहोत आम्ही."

पहिलं वर्षभर त्यांच्याकडून आलेली भाजीची वाटी आई झाकून ठेवायची आणि कामवालीला द्यायची. अंजनाबाईंना ते माहीत होतं, तरी वाटी यायची थांबली नाही. मग एका पावसाळ्यात आई तापानं अंथरुणाला खिळली. घरात मी आणि वडील, दोघांनाही धड चहा करता येत नव्हता. अंजनाबाई मुगाची मऊ खिचडी घेऊन आल्या, आईच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "खाता का नेऊ वापस?" आईनं खाल्लं. त्यानंतर त्यांच्या वाटीतलं काही आमच्या घरातून कधी कामवालीकडे गेलं नाही.

लहानूंना टायफॉइड झाला होता. आमच्याकडची जुनी माणसं त्याला मुदतीचा ताप म्हणतात. ताप अंगावर काढत ते कामावर जात राहिले. एका दुपारी पोटात भयंकर दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत आतडं फुटलं होतं. त्याच्या काही महिने आधी अंजनाबाईंनाही तसाच लांबलेला ताप येऊन गेला होता. त्या बऱ्या झाल्या, लहानू गेले. रेल्वेतली नोकरी यशदीप मोठा होईपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवायची असं ठरलं आणि तोवर घर चालवायला अंजनाबाईंनी मेस सुरू केली.

रायपूरला शिकायला येणारी विदर्भातली मुलं तेव्हाही खूप होती. गोंदिया, भंडारा, वर्धा, यवतमाळ. त्यांना घरच्यासारखं जेवण हवं असायचं. पडवीत सतरंज्या टाकून पंगत बसायची. दारातून आत शिरल्याबरोबर समोर दिसतील अशा बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी अंजनाबाईंनी लावल्या होत्या. मी एकदा विचारलं, इथं समोरच का लावल्या? म्हणाल्या, "ज्याले जायचं असंल त्यानं जेवाच्या आधी जावं. अर्ध्या ताटावरून उठू नये." सुरुवातीला काही बापांनी तसबिरी पाहून पोरं दुसरीकडे नेली. पुढे तसं होईनासं झालं. अंजनाबाईंच्या हातचं जेवण असं होतं की कोणाला आडनाव आठवायची सवड मिळत नसे. तांदूळ अभनपूरचा, वरणाला लसणाची फोडणी, आणि उन्हाळ्यात इथल्या शेजारणींकडून शिकलेली बासी.

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी खायचा. वर मीठ, कांदा, चटणी. छत्तीसगडचा उन्हाळा त्यावरच निघतो. रविवारी सकाळी अंजनाबाई मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, हात घालून भाताचे गोळे मोडायच्या, पाण्यात भात हातानंच सारखा करायच्या आणि पोरं वाट्या घेऊन भोवती उभी राहायची. चमच्यानं ते व्हायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

यशदीप मोठा झाला, रेल्वेत लागला, दीपमालाशी त्याचं लग्न झालं, पिंकी जन्मली. माझे आईवडील गेले. मी शाळेत मास्तर झालो, लग्न केलं नाही. शाळेतून आलो की मीही मुलांच्या पंगतीला बसू लागलो. मेस चालूच राहिली. मुलगा कमावता झाल्यावर कशाला कष्ट करता, असं कोणी म्हटलं तर त्या म्हणायच्या, "मंग मी करू काय दिवसभर?"

जवळपास दर उन्हाळ्यात मेसमधलं एखादं पोरगं तापानं पडायचं. आम्ही नळाच्या पाण्याला दोष द्यायचो, गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्याला द्यायचो, उन्हाला द्यायचो. पोरगं गावी जायचं, बरं होऊन यायचं, अंजनाबाई त्याला आठवडाभर वेगळा मऊ भात करून घालायच्या. पिंकीलाही एकदा टायफॉइड झाला. तेव्हा अंजनाबाईंनी दीपमालाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही, सगळं स्वतःच्या हातानं केलं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वरद आजारी पडला.

वरद वर्ध्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बडबड्या, जेवताना भाजीचं तोंडभर कौतुक करणारा. परीक्षा तोंडावर होती म्हणून त्यानं ताप लपवला, गोळ्या खाऊन अभ्यास करत राहिला. त्याच आठवड्यांत आणखी तीन मुलं पडली. तिघं गावी गेली. वरद राहिला, आणि एका सकाळी पडवीच्या पायरीवर पोट धरून बसला तो उठेचना. यशदीप आणि मी त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जननं बाहेर येऊन सांगितलं, आतड्याला भोक पडलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल. अंजनाबाई आमच्या मागोमाग ऑटोनं आल्या होत्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. 

वरद वाचला. पण बरेच दिवस त्याची खात्री नव्हती.

चार मुलं एकाच मेसची निघाली म्हटल्यावर मेडिकल कॉलेजमधून एक तरुण डॉक्टर चौकशीला आली. डॉक्टर निधी. तिचे आजोबा नागपूरहून रेल्वेत आलेले. तिला मराठी कळायची, पण बोलायची ती हिंदीच. तिनं टाकीचं पाणी तपासायला नेलं, फ्रीज पाहिला, मुलांना काय काय खाल्लं ते विचारलं. पाण्यात काही निघालं नाही. मग तिनं स्वयंपाकाला हात लावणाऱ्या सगळ्यांची शौचाची तपासणी करायला सांगितली. अंजनाबाई, दीपमाला, आणि पोळ्या लाटायला, भांडी घासायला येणारी भीमाबाई.

तोवर कॉलोनीत आणि मुलांच्या घरच्यांत ठरून गेलं होतं की हे भीमाबाईमुळं झालं. ती नाल्याकाठच्या पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, येते, तिथं काय पाणी असेल, काय हात धूत असेल. एका मुलाच्या वडिलांनी फोनवर मलाच सुनावलं, "अशा बाईला स्वयंपाकात घेतातच कसे?" भीमाबाईनं दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद केलं.

रिपोर्ट घ्यायला अंजनाबाईंनी मला सोबत नेलं. डॉक्टरी भाषा आपल्याला समजायची नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या मनातही भीमाबाईच होती. ऑटोत त्या मला म्हणाल्या, "तिचं जर निघालं ना, तं तिले औषध मी आणून देईन. कोणाले सांगायचं नाई."

डॉक्टर निधीनं आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला.

"आंटी, भीमाबाई की रिपोर्ट साफ है। दीपमाला की भी।" तिनं तिसरा कागद वर घेतला. "जंतू आपके में मिले हैं।"

"माह्यात?" अंजनाबाई हसल्याच. "मले तं ताप नाई, काई नाई. लहानू गेल्यापासून मी एक दिवस झोपून नाई राहिली."

"हां आंटी, बीमार आप नहीं हैं। यही तो बात है।"

मग तिनं सावकाश समजावलं. साल्मोनेला नावाचे जंतू असतात, काडीसारखे. त्यांच्यातल्याच एका जातीनं टायफॉइड होतो. बहुतेक माणसांत ताप उतरला की ते मरतात. काहींच्या पित्ताशयात मात्र ते घर करून राहतात, वर्षानुवर्षं. त्या माणसाला काही होत नाही. त्याच्या शौचातून ते बाहेर पडतात, हात कितीही धुतले तरी नखाच्या फटीत एखादा राहून जातो, आणि त्या हातानं कालवलेलं, न तापवलेलं काही दुसऱ्यानं खाल्लं की तो आजारी पडतो. उकळत्या वरणात ते मरतात. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भातात वाढतात.

अंजनाबाई ऐकत होत्या. बासीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतले.

डॉक्टर निधीला वाटलं असावं की हिंदीत नीट पोचलं नाही. ती अडखळत मराठीत म्हणाली, "तुमच्या हातचं कोणी खायचं नाही." आणि एक क्षण जाऊन, "सध्या. इलाज होईपर्यंत." हे कोणालाही कळणार नाही, आमच्याकडून नाव बाहेर जाणार नाही, असंही तिनं सांगितलं.

अंजनाबाई उठल्या, तिला हात जोडले आणि बाहेर पडल्या. 

संध्याकाळी यशदीप ड्यूटीवरून आला आणि ऐकून भडकला. तो समाजाच्या कामात असायचा, सभा-बैठका करायचा. "आपल्याच घरात काहून शोधून राहिले हे? चौबे कॉलोनीत एवढी हॉटेलं, एवढ्या मेस. मेश्राम नाव पाहिलं असंल अन् लिहून देल्लं असंल. आमच्या हातचं खाऊ नका! हे काय आज आयकून राहिलो का आपण?"

"त्या पोरीनं तसं नाई म्हटलं," अंजनाबाई म्हणाल्या.

"तसंच म्हटलं! शेखर भैया, तुम्ही होते ना तिथं? काय शब्द होते?"

मी शब्द सांगितले. यशदीपनं 'पाहा' अशा अर्थानं आईकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई एकट्याच मेडिकल कॉलेजात गेल्या आणि डॉक्टर निधीला म्हणाल्या, मला ते दाखव. माझ्यातून जे निघालं ते मला माझ्या डोळ्यांनी पाहू दे. त्या मुलीनं नाही म्हटलं नाही. प्रयोगशाळेत नेलं, काच लावली, दुर्बिणीसारख्या त्या यंत्रावर अंजनाबाईंना वाकायला लावलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं.

घरी येऊन त्या यशदीपसमोर बसल्या. मी पडवीतच होतो.

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "शेवया मोडून पडल्यावाणी दिसते. गुलाबी गुलाबी. ढीगभर."

"आई, ते कोणाचंही असू शकते."

"माहंच हाय." त्यांनी त्याला हातानं थांबवलं. "आयक. माही माय पाटलाच्या वाड्यावर कामाले जाये. तिले पाणी वरून ओतत. तिच्या हातचं कोणी घेत नोहतं. ते खोटं होतं. मायच्या हाताले काई लागलेलं नोहतं. खोटं होतं म्हणून आपण ते मानलं नाई. अन् हे खरं हाय. हे मले पोट्टे मारायच्या आधी मानलं पाह्यजे."

यशदीप उठून बाहेर गेला. 

त्या रात्रीच्या पंगतीला जेवण दीपमालानं केलं होतं. तिला एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाची सवय नव्हती. भात खाली लागला होता. उरलेली मुलं बसली. अंजनाबाई आत आल्या नाहीत, पडवीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"पोट्टे हो, जेवा. हे माह्या हातचं नाई, दीपमालाच्या हातचं हाय. भिऊ नका." मुलांनी माना वर केल्या. "वरदले अन् बाकीच्यांले जे झालं ते माह्यामुळं झालं. टायफॉइडचे जंतू माह्यात हायेत. मले माहीत नोहतं. काल माहीत झालं. भीमाबाईचं काई नाई. तिचं नाव कोणी घेतलं असंल तं घरी फोन करून सांगा का तिचं नाई, मेसवाल्या काकूचं हाय. उद्यापासून मेस बंद. दुसरीकडं सोय करा."

 एक मुलगा ताट तसंच ठेवून उठला आणि चपला घालून निघून गेला. दुसऱ्यानं मान खाली घालून जेवण संपवलं, ताट धुऊन ठेवलं आणि जाताना अंजनाबाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी हात मागे घेतले. त्याच्या डोक्यालाही त्यांनी हात लावला नाही.

नंतर मी त्यांना म्हणालो, डॉक्टरनं तर सांगितलं होतं की कोणाला कळणार नाही. त्या म्हणाल्या, "मंग भीमाबाईले काय कळलं असतं? जनमभर तेच, का तिच्यामुळं झालं." सकाळी त्या भीमाबाईच्या घरी जाऊन आल्या. तिनं काय म्हटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण मेसचा पसारा आवरताना दीपमालाला हात द्यायला ती दुपारी आली.

वरदला अजून आयसीयूतून बाहेर आणलं नव्हतं. त्याची आई वर्ध्याहून येऊन बाकावर दिवस काढत होती. अंजनाबाई तिला भेटायला गेल्या. मी नको म्हणत होतो. यशदीपही नको म्हणत होता. शेवटी तोच सोबत गेला, आणि झालं ते त्यानं मला सांगितलं.

अंजनाबाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. वरदची आई बाकावर बसूनच ऐकत होती. मग म्हणाली, "दोन वर्षं तो फोनवर तुमचंच सांगायचा. काकूंनी हे केलं, काकूंनी ते केलं. मला वाटायचं, बरं झालं, पोराला कोणीतरी आहे तिथं." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नाही, ते कळतं मला. पण आत्ता मला तुमच्याशी बोलता येणार नाही. जा तुम्ही."

अंजनाबाई निघाल्या. जिन्यात यशदीपनं त्यांचा दंड धरून त्यांना खाली उतरवलं.

त्यानंतरचे महिने त्यांच्यासाठी कठीण गेले. महिनाभर गोळ्या घ्यायच्या होत्या. स्वयंपाकघरात त्या पाऊल टाकत नव्हत्या. उंबऱ्याबाहेर बसून दीपमालाला सांगत राहायच्या, मीठ आता, गॅस कमी कर. मग स्वतःच्याच लक्षात आलं की आपण त्या पोरीला जाच करतोय, आणि त्या तिथंही बसेनाशा झाल्या. दुपारभर फाटकाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसायच्या. त्यांचं ताट, पेला, टॉवेल वेगळा होता. हे डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. यशदीपला ते ताट दिसलं की तो वळून दुसरीकडे जायचा.

पिंकीला समजावणं सगळ्यात अवघड होतं. सहा वर्षांची पोर, तिला जन्मापासून आजीच्या हातानं भरवून घ्यायची सवय. ती आजीसमोर मांडी घालून बसायची आणि तोंड उघडायची.

"दादी, खिला ना."

"मायजवळ जा. माय देईल."

"आप खिलाओ ना. आपके हाथ में क्या हुआ?"

अंजनाबाई उठून न्हाणीघरात जायच्या आणि साबणानं हात धुवायच्या. पुन्हा पुन्हा. त्यांची कातडी फाटायला लागली. शेवटी दीपमालानं एक दिवस साबण काढून घेतला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून खोबरेल तेल चोळलं. "आई, मी रोज हात धुऊन राहिली, पिंकीले धुवाले लावून राहिली. आम्हाले काई होत नाई. आता बस करा." सासू-सुनेत फार प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्या दोघींचं स्वयंपाकावरून कायम वाजायचं. पण त्या दिवशी अंजनाबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

गोळ्यांचा उपयोग झाला नाही. महिन्यानं पुन्हा तपासलं, जंतू तिथंच. सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर निधी म्हणाली, खड्यांच्या आडोशानं ते राहतात, औषध तिथंवर पोचत नाही, पित्ताशयच काढावं लागेल. अंजनाबाईंचं वय, साखरही थोडी वाढलेली. यशदीप घाबरला. "मेस नाई चालवायची तं नाई. घरात बसून राहाल तं काय बिघडते? कोणाले खाऊ घालायचं अडलं नाई आपलं."

"माह्यासाठी नाई करत," त्या म्हणाल्या. "काढून टाका ते."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसलो होतो. यशदीप खाली औषधं आणायला गेला होता. डॉक्टर निधी तिची ड्यूटी संपवून त्यांना बघायला आली. सर्जन चांगला आहे, काळजी करू नका, असं म्हणून ती निघणार तेवढ्यात अंजनाबाईंनी तिला थांबवलं.

"पोरी, एक सांग. माह्या नवऱ्याले ताप आला त्याच्या आधी मले आला होता. मले आधी. मंग त्याले माह्याकडूनच लागलं ना?"

माझ्या लक्षात आलं की इतके महिने फाटकाशी बसून त्या याचाच विचार करत होत्या. डॉक्टर निधी स्टूल ओढून बसली. ती नाही म्हणेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिनं नाही म्हणावं असं मला वाटत होतं. एका म्हातारीच्या मनाला तेवढा आराम मिळाला असता.

"पता नहीं आंटी," ती म्हणाली. "हो सकता है। यह भी हो सकता है कि दोनों को एक ही पानी से हुआ। इतने साल बाद कोई नहीं बता सकता। मैं झूठ नहीं बोलूँगी।"

अंजनाबाईंनी मान हलवली. ती गेल्यावर त्या उशी सारखी करून आडव्या झाल्या.

"त्याले भात कालवून मीच देत होती," त्या म्हणाल्या. "त्याले हातानं चमचा धरता येत नोहता शेवटी शेवटी. मले वाटे, आपण किती सेवा करून राहिलो."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेखर, नको बोलू. मी सेवाच करत होती. ते बी खरं हाय. पण हे दुसरं बी खरं असंल तं त्याले मी कुठी ठेवू, ते मले समजून नाई राहिलं."

 यशदीप औषधं घेऊन आला आणि आम्ही दुसरं बोलू लागलो.

ऑपरेशन नीट झालं. मग पुन्हा तपासण्या सुरू झाल्या, महिन्याच्या अंतरानं. एकदा साफ आली म्हणजे झालं असं नसतं, कारण जंतू कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. लागोपाठ साफ याव्या लागतात. पहिली साफ आली तेव्हा दीपमालानं घरात गोड केलं. अंजनाबाईंनी ते खाल्लं, पण वाढायला उठल्या नाहीत.

दुसरीही साफ आली होती तेव्हा वरद आला. त्याचं एक सत्र बुडालं होतं, आता तो हॉस्टेलवर राहत होता. खूप वाळला होता. उन्हातून चालत आलेला, कपाळावर घाम. अंजनाबाई फाटकाशी बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काकू, पाणी द्या ना," तो म्हणाला.

त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. "दीपमाला! वरद आला. पाणी आण."

"तुम्हीच द्या."

"नाई रे बापा. अजून एक रिपोर्ट बाकी हाय."

"दोन साफ आले म्हणे. मला काही होत नाही."

"तुले होते का नाई ते मी नाई ठरवत अन् तू बी नाई ठरवत," त्या कडक आवाजात म्हणाल्या. मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून हळू झाल्या. "बस तू. बस इथं. पोट कसं हाय? दाखव, टाके कसे हायेत?"

त्यानं शर्ट वर करून दाखवलं. नाभीच्या वरून खालपर्यंत गेलेला जाड वण होता. अंजनाबाईंनी तो नीट पाहिला, नजर हटवली नाही. दीपमालानं आणलेलं पाणी तो प्याला. तासभर बसला, हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवली. आईला इथं आल्याचं सांगितलंस का, असं अंजनाबाईंनी विचारलं. तो म्हणाला, नाही. "सांग," त्या म्हणाल्या. "लपवून नको येऊ."

तो पुन्हा आला नाही. त्याच्या आईनं येऊ दिलं नसेल, किंवा अभ्यासात राहून गेलं असेल. अंजनाबाईंनी विचारलं नाही.

तिसरी तपासणीही साफ आली. डॉक्टर निधी स्वतः घरी सांगायला आली. "अब आप बना सकती हैं। सबके लिए।" अंजनाबाईंनी तिला पडवीत बसवलं आणि कितीतरी महिन्यांनी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या. चहा केला. कप त्यांनी स्वतः तिच्या हातात दिला. त्या मुलीनं कप घेतला आणि गरम असतानाच भराभर प्यायला लागली. जीभ भाजली असणार तिची.

मेस गेल्या जुलैत पुन्हा सुरू झाली. आता ती दीपमाला चालवते. अंजनाबाई घरच्यांसाठी रांधतात, पिंकीला भरवतात, मेसच्या भाज्या निवडतात, पण मुलांच्या भांड्यात हात घालत नाहीत. डॉक्टरनं परवानगी दिलीय, तरी नाही. बासी तर बंदच झाली. भीमाबाई आहे. पूर्वीच्या मानानं मुलं कमी आहेत.

या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत गोंदियाहून एक गृहस्थ मुलाला घेऊन मेस पाहायला आले. जागा पाहिली, जेवणाच्या वेळा विचारल्या. मग जरा अवघडून म्हणाले, "इथं मागे टायफॉइडचं काही झालं होतं म्हणतात. खरं आहे का?"

दीपमाला काही बोलायच्या आत अंजनाबाई भाजी बाजूला सारून म्हणाल्या, "हाव. खरं हाय. माह्यामुळंच झालं होतं. बसा, सांगतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. जंतू कसे निघाले, वरदचं पोट, पित्ताशय काढलं ते, तपासण्या. काही गाळलं नाही. ते गृहस्थ ऐकत होते, अधूनमधून मुलाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "विचार करून कळवतो, बाई." मुलाला घेऊन निघून गेले.

दीपमाला वैतागली. "एवढं सगळं सांगाची काय गरज होती? आता तं तुम्ही साफ हायेत. आता गेला तो पोट्टा."

अंजनाबाईंनी भाजी पुन्हा पुढ्यात ओढली.

"त्यानं विचारलं ना," त्या म्हणाल्या. "पोट्टा त्याचा हाय."